मुलींना डान्समधून व्यायाम द्यायचाय? मग आधी गॅदरिंग डोक्यातून काढा

प्रश्न असा आहे. तालुक्याच्या गावच्या एका माध्यमिक शाळेतल्या मॅडम विचारतायत की आठवी ते दहावीच्या मुली पीटीच्या तासाला झाडाखाली बसून राहतात, खो-खो नको, कबड्डी नको, पण डान्स म्हटलं की डोळे चमकतात. तर मग डान्समधूनच व्यायाम करून घेतला तर तब्येत खरंच सुधारते का, वजन उतरतं का, आठवड्यातून किती वेळा घ्यायचं, झुंबाची बाई बोलवायची की आपली लेझीम-फुगडी चालेल, आणि पाळी चालू असताना किंवा अशक्त मुलींना नाचवलं तर चालतं का.

मॅडम, उत्तर हो आहे, डान्सनं तब्येत सुधारते. पण एक अट आहे आणि ती बहुतेक शाळांत पाळली जात नाही म्हणून आधी तीच सांगते: प्रत्येक मुलीचं अंग खरोखर हललं पाहिजे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, शाळकरी मुलींचे डान्स-व्यायामाचे वर्ग बरीच वर्षं घेतेय, आणि माझं ठाम मत असं झालंय की शाळेत ज्याला आपण डान्स म्हणतो तो बहुतेक वेळा व्यायाम नसतोच, ती गॅदरिंगची प्रॅक्टिस असते. आठवून बघा ना कशी चालते ती. चाळीस मुलींतून दहा निवडायच्या, त्यात बारीक, उजळ, एकसारख्या उंचीच्या पुढच्या लायनीत, जरा अंगानं भरलेली असेल ती मागे नाहीतर पडदा ओढायला. मग मोबाईल स्पीकरला लावायचा, "थांब थांब, परत मुखड्यापासून", एकीचा हात चुकला म्हणून नऊ जणी उभ्या, असं करत करत तासभर जातो आणि प्रत्येकीचे पाय खरोखर हलले किती तर दहा-पंधरा मिनिटं. आणि ज्या तीस जणींना व्यायामाची सगळ्यात जास्त गरज होती त्या बाहेर ओट्यावर बसून टाळ्या वाजवतायत.

हे फक्त आपल्याकडचं नाही बरं का. अमेरिकेत सॅन डिएगोच्या डान्स क्लासेसमध्ये २६४ मुलींच्या कमरेला हालचाल मोजायचं यंत्र लावून बघितलं होतं, अभ्यास २०१५ मध्ये आला. फी भरून जायचे ते चांगले क्लास, तरी एका क्लासमध्ये घाम निघेल अशी हालचाल सरासरी १७ मिनिटं, बाकीचा वेळ ऐकण्यात, बघण्यात आणि आपल्या नंबरची वाट बघण्यात. अर्ध्या तासाची हालचाल पुरी करणाऱ्या मुली शंभरात दहासुद्धा नव्हत्या. तेव्हा पहिला नियम हाच की तास किती मिनिटांचा आहे ते बघायचं नाही, अंग किती मिनिटं हललं ते बघायचं. एक दिवस तुम्ही स्वतः घड्याळ घेऊन कोपऱ्यात बसा, एकच मुलगी निवडा (तिला कळू देऊ नका) आणि ती हलतेय तोवर मिनिटं मोजा. आकडा बघून धक्का बसेल.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ ते १७ वयात रोज सरासरी ६० मिनिटं बऱ्यापैकी दमवणारी हालचाल हवी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस जोराचा व्यायाम, त्यात हाडं-स्नायू मजबूत करणाऱ्या गोष्टी आल्या पाहिजेत. जगभरातल्या ११ ते १७ वयाच्या मुलामुलींतली ८१ टक्के तेवढी हालचाल करत नाहीत, नुसत्या मुली घेतल्या तर ८५ टक्के, हा २०१६ चा हिशोब. म्हणजे तुमच्या झाडाखालच्या मुली काही जगावेगळ्या नाहीत. आणि तुमचे आठवड्यातले दोन-तीन तास एवढ्यानं तो रोजचा ६० मिनिटांचा कोटा भरणार नाही हेही मनाशी धरून चला, सायकलनं शाळेत येणं, घरचं काम, मधल्या सुट्टीतलं पळणं हे सगळं मिळून तो भरायचा असतो.

आता "खरंच फरक पडतो का" याचं प्रामाणिक उत्तर, कारण इंटरनेटवर सगळे नुसतं छान छान लिहितात. इंग्लंडात ब्रिस्टलच्या भागात १८ शाळांत ५७१ मुलींवर मोठा प्रयोग झाला, ११-१२ वर्षांच्या मुली, शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा ७५ मिनिटं डान्स, २० आठवडे. निकाल काय, तर दिवसभराची एकूण हालचाल वाढलीच नाही. का, तर येणंच कमी, ठरलेल्या तासांपैकी दोन तृतीयांश तासांना हजर राहिलेल्या मुली साधारण एक तृतीयांशच होत्या. दुसरीकडे स्वीडनमध्ये ओरेब्रो शहरात १३ ते १८ वयाच्या ११२ मुली घेतल्या, या अशा मुली होत्या ज्या डोकं दुखतंय, पोट दुखतंय, थकवा, उदास वाटतंय म्हणून शाळेच्या नर्सकडे वारंवार जायच्या. त्यांच्यातल्या अर्ध्याअधिक मुलींना आठ महिने आठवड्यातून दोनदा ७५ मिनिटं डान्स दिला आणि बाकीच्यांना नाही. डान्सवाल्या मुलींना आपली तब्येत सुधारली असं वाटायला लागलं, आणि डान्स बंद झाल्यावर कित्येक महिने तो फरक टिकला. त्या वर्गात स्पर्धा नव्हती, नाचण्यातल्या आनंदावर भर होता आणि मुलींचं म्हणणं ऐकलं जायचं. दोन प्रयोगांत वय वेगळं, मोजलं तेही वेगळं, त्यामुळे सरळ तुलना करू नये. पण मी माझ्या कामात जे बघते त्याच्याशी हे जुळतं, ज्या वर्गात चुकायला परवानगी असते त्या वर्गाला मुली दिवाळीनंतरही येतात.

वजनाचं आत्ताच निकालात काढू. वर्गात वजनकाटा आणू नका, एवढं माझं ऐका. नुसत्या डान्सनं वजन फारसं उतरत नाही, आणि या वयात ते उतरायलाच हवं असंही नाही, उंची वाढतेय, अंग भरतंय, ते नैसर्गिक आहे. एकदा का मुलींना कळलं की हे "जाड मुलींसाठी" आहे की जाड मुलगी सगळ्यात आधी गायब होते. शिवाय आपल्या वर्गात उलटा प्रकारही असतो, सकाळी सातच्या शाळेला नुसता चहा पिऊन आलेल्या, मनगटं काडीसारखी, त्या वजन कमी व्हायच्या नादाला लागल्या तर भलतंच. डान्स किंवा खेळ जोरात आणि खाणं अपुरं असं चाललं की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात. आधी नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही किंवा १५ पूर्ण झाली तरी सुरूच झाली नाही तर डॉक्टरांकडे पाठवायचं, "वाट बघू" म्हणायचं नाही. वर्ग सकाळचा असेल तर आधी केळं, चणे-गूळ, चिक्की, काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, आणि ही सोय शाळेनं केली तर सोन्याहून पिवळं.

मग मोजायचं काय? सकाळी उठल्या उठल्या नाडीचे ठोके, मनगटावर बोटं ठेवून एक मिनिट, हे मुलींना शिकवा, त्यांना ते फार आवडतं. एका पायरीवर तीन मिनिटं ठरलेल्या तालात चढ-उतर करायची आणि थांबल्यावर लगेच ठोके मोजायचे. उभ्या जागेवरून लांब उडी, किती सेंटिमीटर. आणि "या आठवड्यात झोप कशी लागली, कसं वाटलं" याला पाचपैकी मार्क. सगळं ज्याच्या त्याच्या वहीत, भिंतीवर तक्ता लावायचा नाही, पहिला-दुसरा नंबर काढायचा नाही. दोन-अडीच महिन्यांत पायरीवरचे ठोके कमी झालेले दिसतात, आणि मुलीला ते स्वतःच्या हातानं मोजलेलं असल्यामुळे पटतं.

फायद्यांमध्ये एक गोष्ट लोक विसरतात, हाडं. मुलींची उंची साधारण ११-१२ च्या आसपास सगळ्यात वेगानं वाढते, आणि त्यानंतर लगेच, १२-१३ च्या मागच्या-पुढच्या मिळून दोनेक वर्षांत आयुष्यभराच्या हाडांच्या साठ्यातला जवळपास एक चतुर्थांश भाग जमा होतो. हाडाला दणका लागतो असा व्यायाम, म्हणजे उड्या, टाच आपटणं, ठेका धरणं, त्यानं तो साठा वाढतो, पोहणं किंवा सायकलनं तेवढा नाही. म्हणजे सातवी-आठवीतल्या मुलीला उड्या मारू देणं हे तिच्या साठीतल्या कंबरेसाठी आहे. आणि नेमक्या याच वयात घरून सांगितलं जातं, आता मोठी झालीस, उड्या मारू नकोस.

आता मुख्य, काय नाचवायचं. झुंबा वाईट नाही, कोलंबियाच्या बेटो पेरेझ यांनी नव्वदच्या दशकात सुरू केलेला प्रकार, ताल छान असतो, न थांबता चालतो हा मोठा गुण. पण ते ब्रँडचं नाव आहे, त्या नावानं वर्ग घ्यायला त्यांचं लायसन्स लागतं, आणि शहरातून येणारी ताई बऱ्याचदा मोठ्या बायकांचा सेट तसाच्या तसा घेते, त्यात कंबरेच्या स्टेप आल्या की आठवीची मुलगी ओढणी सावरत भिंतीला चिकटते. २०२५ मध्ये केरळ सरकारनं अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत शाळांमध्ये झुंबा आणलं तर कपड्यांवरून आणि मुलंमुली एकत्र नाचण्यावरून काही धार्मिक संघटनांनी विरोध केला, बातम्या वाचल्या असतील. आपल्याकडेही "डान्स" शब्द ऐकला की काही पालकांच्या कपाळाला आठी पडते. लेझीम म्हटलं की पडत नाही. आणि मंगळागौरीचे खेळ म्हटलं तर आजी स्वतः शिकवायला येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण मी लेझीम सुचवते ती काही परंपरेसाठी नाही, शरीराच्या हिशोबानं सुचवते. लेझीम नीट केली तर ती काय आहे बघा: गुडघ्यात वाकणं, एक पाय पुढे टाकून खाली जाणं, कमरेतून वळणं, दोन्ही हातांनी साखळी ताणून परत मिटणं, आणि हे सगळं ठेक्यावर, न थांबता. जिममध्ये ज्याला स्क्वॉट आणि लंज म्हणून पैसे घेतात तेच. साखळी ताणताना खांद्यामागचे स्नायू काम करतात, आणि दिवसभर दप्तर पाठीवर घेऊन वाकून बसणाऱ्या पोरींना नेमकं तेच हवं असतं. हलगी किंवा ढोल असला की गाण्याचा प्रश्न मिटतो, कुठलं सिनेमाचं गाणं लावलं म्हणून तक्रार नाही, नेट नाही, जाहिराती नाहीत, आणि ताल आपल्या हातात राहतो, पोरी दमल्या की हळू करायचा. अट एकच, पंधरा ऑगस्टच्या संचलनासारखी सरळ रांगेत, शिट्टीवर, "हात वर का नाही गेला" अशी लेझीम नको. गोलात उभं करा. गोलात मागची लाईन नसते.

फुगडी तर मला फार आवडते. दोघींनी समोरासमोर, पायांचे चवडे जवळ, हातांची अढी घालून, शरीर सरळ ठेवून मागे रेलायचं आणि फिरायचं. अर्धा मिनिट फिरलं की नाडी धावायला लागते, पकड, पोटाचे स्नायू, तोल सगळं एकदम, आणि दोघी हसत असतात म्हणून व्यायाम वाटत नाही. पण काळजी घ्या: बांगड्या-अंगठ्या काढून, बोटं न धरता मनगटं धरायची, जोडी साधारण सारख्या वजनाची, फरशी ओली नको, आणि थांबताना हळूहळू थांबायचं, एकीनं हात सोडला तर दुसरी डोक्यावर पडते. चक्कर किंवा फिट येण्याचा त्रास असलेल्या मुलीला फुगडी नाही, तिला झिम्मा द्या. बसफुगडी आणि कोंबडा हे उकिडवं बसून उड्या मारायचे खेळ मात्र जपून, दिसायला गमतीचे पण गुडघ्याला फार जड, वीस सेकंदांच्या वर नको आणि ज्यांच्या गुडघ्याखालच्या हाडावर टेंगूळ येऊन दुखतंय (वाढीच्या वयात हे होतं) त्यांना अजिबात नको. भोंडला-हादग्याचा फेर वॉर्मअपला उत्तम. कोळी नाच, गरबा, गोव्याकडची फुगडी, धालो, जे तुमच्या भागात मुलींच्या अंगवळणी आहे ते घ्या. हिंदी-मराठी गाणी, हिपहॉप, तेही घ्या, आठवड्यातला एक दिवस मुलींनी गाणी ठरवायची असा माझ्याकडे नियमच आहे, त्यांना जे वाजवायचंय ते वाजू दे, तुम्ही शब्द तेवढे आधी ऐकून ठेवा.

वर्गाची बांधणी सांगते. पीटीचा एक तास ३५ मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटं पोरी वर्गातून मैदानात येण्यात जातात, म्हणून शक्य असेल तर जोडतास मागा. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी ४५ मिनिटं असं मिळालं तर उत्तम. पहिली सात-आठ मिनिटं फेर धरून चालणं, घोटे, खांदे, कंबर मोकळी. मग २५ मिनिटं मुख्य भाग, त्यात तीन-चार मिनिटं जोरात, एक-दीड मिनिट नुसता जागेवर ठेका, परत जोरात. जोरात म्हणजे किती, तर बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता येतंय तर वाढवा, दोन शब्दही बोलता येत नाहीत तर ती सर्वात वरची पायरी, तिथे थोडा वेळच ठेवायचं. नंतर सात-आठ मिनिटं ताकदीचं काम, भिंतीला हात लावून दंड, बैठका, एका पायावर उभं राहणं, आणि शेवटी श्वास खाली येईपर्यंत हळू. एका गाण्यात चारपेक्षा जास्त स्टेप नकोत, आठ-आठच्या मोजणीवर, आणि समजावून सांगत थांबायचं नाही, स्वतः करत राहायचं, त्या बघून पकडतात. चुकीची दिशा पकडली तरी चालू राहू दे, आपण कुठे बक्षीस घ्यायला निघालोय.

एका गोष्टीवर मात्र मी थांबते आणि हटकते, ती म्हणजे उडीवरून खाली येणं. वयात आल्यावर मुलींची उंची आणि वजन वाढतं पण मांडीमागची आणि नितंबाची ताकद त्या वेगानं वाढत नाही, त्यामुळे उडीवरून उतरताना गुडघे आत पडतात, एकमेकांकडे. समोर उभं राहून बघा, वर्गात पाच-सहा जणी तरी सापडतील. वयात आल्यावर गुडघ्याचा लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा पट्टा) फाटायचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींत जास्त असतं त्यात या सवयीचाही हात आहे. शिकवायला काही लागत नाही. दोन पायांवर छोटी उडी आणि सूचना एवढीच, "आवाज न करता उतर". आवाज येऊ द्यायचा नाही म्हटलं की मुलगी आपोआप आधी चवडा मग टाच टेकते, गुडघ्यात वाकते, कुल्ले मागे नेते. मग "गुडघा पायाच्या मधल्या बोटाच्या वर", आणि खाली येऊन तीनपर्यंत मोजून स्थिर. वर्गाच्या सुरुवातीला रोज दहा उड्या अशा. महिन्याभरात फरक दिसतो. आणि फरशी बघा हो, शहाबादी किंवा कोब्यावर अनवाणी उड्या मारल्या की पंधरा दिवसांत नडगी दुखायला लागते, मग त्याचं खापर डान्सवर फुटतं. मातीचं मैदान सगळ्यात चांगलं, फरशीच असेल तर कॅनव्हासचे बूट आणि उड्या कमी.

अशक्तपणाचं विचारलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली ॲनिमिक, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असलेल्या, निघाल्या. म्हणजे तुमच्या वर्गात अर्ध्याहून जास्त धरून चाला. या वयाला हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे कमी. जिना चढून धाप, लवकर दमणं, उगाच पेन्सिल-माती खावीशी वाटणं, चिडचिड, हे सगळं आपण आळस म्हणून खपवतो. सुरू करायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्राला सांगून सगळ्यांचं हिमोग्लोबिन करून घ्या. ११ च्या वर असेल तर बेधडक नाचू द्या (१२ च्या खाली असेल तर उपचार मात्र हवेच), ८ ते ११ मध्ये असेल तर उपचार चालू करून हलका भाग, उड्या कमी, दम लागला की बसायची मोकळीक, आणि ८ च्या खाली असेल तर आधी डॉक्टर, तोवर तिला हलगीवर बसवा. नाचून रक्त वाढत नाही, ते लोहानं वाढतं. शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळते त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, पण मळमळतं म्हणून ती बऱ्याचदा खिडकीबाहेर जाते हे तुम्हालाही माहितीये. जेवणानंतर द्या, शौच काळी होते ते नॉर्मल आहे हे आधीच सांगा, गोळीच्या आणि जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा नको, पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळायचं. जंताची गोळी वर्षातून दोनदा मिळते तीही चुकवू देऊ नका.

पाळीत नाचलं तर चालतं, काहीही बिघडत नाही. उलट आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा ४५-६० मिनिटं व्यायाम करणाऱ्यांचं पाळीतलं दुखणं बऱ्यापैकी कमी झाल्याचं २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (यात जगभरातले प्रयोग एकत्र करून तपासतात) आलंय, आणि व्यायाम जोराचा असो की हलका, दोन्हींनी. पण पहिल्या-दुसऱ्या दिवशी नको वाटलं तर नको, आणि ते सगळ्यांसमोर सांगायला लावू नका. माझ्याकडे सरसकट सोय आहे, कुणीही कधीही "आज हलकं" म्हणून बाहेरच्या गोलात चालू शकते, कारण विचारत नाही. गडद रंगाची ट्रॅकपँट, संडासात पाणी आणि पॅड टाकायला झाकणाचा डबा, एवढं नसेल तर मुली महिन्यातले चार-पाच दिवस येणारच नाहीत.

आणि आता ते, जे कुणी बोलत नाही. नववीतली एक मुलगी माझ्या वर्गात दर वेळी "पोट दुखतंय" म्हणून कडेला बसायची, तोंडानं मात्र सगळ्या मोजण्या बरोबर म्हणायची. नंतर एकदा स्पीकर उचलून ठेवताना हळूच म्हणाली, मॅम उड्या मारल्या की छाती हलते, दुखते, आणि पोरं खिडकीतून बघतात. संपलं, पोटाचा काही संबंधच नव्हता. इंग्लंडात ११ ते १८ वयाच्या २,०८९ शाळकरी मुलींना पोर्ट्समथ विद्यापीठानं विचारलं तर जवळपास निम्म्या जणींनी सांगितलं की छातीमुळे त्यांच्या खेळण्या-व्यायामावर परिणाम होतो. तिथे ही गत, तर आपल्याकडे बघायलाच नको. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त मुलींची, फक्त मॅडमनी घेतलेली अर्ध्या तासाची बैठक करा, स्पोर्ट्स ब्रा म्हणजे काय, मापात कशी बघायची, घेणं परवडत नसेल तर नेहमीच्या ब्रावर घट्ट बसणारा स्लिप किंवा बनियन कसा घालायचा, सगळं स्पष्ट. टी-शर्ट सैल, ओढणी बाजूला ठेवायची परवानगी. जागा अशी निवडा की येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडणार नाही, मुलांचा तास त्या वेळी दुसरीकडे.

याच कारणासाठी मोबाईलवर शूटिंग नाही, म्हणजे नाहीच, कौतुकानंसुद्धा नाही, शाळेच्या पेजसाठीसुद्धा नाही. रील्समुळे हल्ली मुलींचा डान्स पंधरा सेकंदांचा आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून झालाय, स्वतःला सतत बाहेरून बघत नाचतात. कॅमेरा गेला की पहिले दोन दिवस त्यांना करमत नाही, मग हळूहळू खांदे सैल पडतात.

पीसीओडीबद्दल (अंडाशय आणि हार्मोन्सचा बिघाड, त्यात पाळी अनियमित होते) पालक हमखास विचारतील. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती पुढेमागे होणं बहुतेक वेळा नॉर्मल असतं, तेवढ्यावरून सोनोग्राफी करून मुलीच्या कपाळावर शिक्का मारू नये. डॉक्टरांनी खरंच निदान केलं असेल तर डान्स उपयोगाचा आहे, वजन तेवढंच राहिलं तरी नियमित व्यायामानं शरीरात इन्सुलिनचं काम सुधारतं. दमा असेल तर पंप जवळ, वॉर्मअप जरा लांब. हृदयाचा काही त्रास, किंवा व्यायाम करताना चक्कर येऊन पडलेली मुलगी, हिला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

राहिला दहावीचा प्रश्न. मुख्याध्यापक आणि पालक दोघंही दिवाळीनंतर म्हणतील की यांचं वर्ष आहे, यांना सोडा. पूर्ण सोडू नका. तीनाचे दोन दिवस करा, ४५ मिनिटांची २५ करा, पण बंद नको, त्या वर्षी झोप आणि मूड दोन्हीची वाट लागलेली असते. आणि संध्याकाळच्या क्लासला जायच्या आधीची वेळ पकडा, रात्री नऊनंतर कुठलीच आई पाठवत नाही, आणि बरोबरच आहे तिचं. सुरुवातीचे तीन आठवडे कसे गेले, किती जणी टिकल्या आणि कुठल्या मुली गळाल्या ते इथेच लिहा, गळालेल्या मुलींबद्दल जरा तपशिलात, त्यावरून पुढचं ठरवता येईल.